व्हॅल्किरीसाठी आदर्श प्रमाण कोणते: १/६० की १/४८?

प्रश्न — पत्र्याचे विमान (पुणे)

सर्वांना नमस्कार.

गेली अकरा वर्षे मी ‘मॅक्रॉस’ या जपानी ॲनिमेशन मालिकेतील व्हॅल्किरी, म्हणजे रोबोत रूपांतरित होणारी खेळण्यातील लढाऊ विमाने, जमवत आहे. आजमितीस माझ्याकडे नऊ विमाने आहेत आणि ती सर्व १/६० मापाची, म्हणजे मालिकेत सांगितलेल्या आकाराच्या एक साठांश, आहेत. त्यांत पाच व्हीएफ-१, एक व्हीएफ-०, एक वायएफ-१९ आणि दोन व्हीएफ-२५ यांचा समावेश होतो. एकच माप ठेवायचे, हा नियम मी सुरुवातीलाच स्वतःला घालून घेतला होता आणि आजवर तो मोडलेला नाही.

गेल्या महिन्यात मुंबईतील एका स्नेह्यांकडे १/४८ मापाचे व्हीएफ-१जे मी प्रथमच हातात घेतले. विमानाच्या रूपातून रोबोच्या रूपात आणताना इंजिनाची नळकांडी मागच्या पाठीपासून सुटतात, दांडीवर झुलून खाली येतात आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसतात, ही क्रिया मी माझ्या विमानांवर शेकडो वेळा केली असेल; परंतु प्रत्येक वेळी नखाने हळूच उचकटावे लागते आणि श्वास रोखून धरावा लागतो. त्या दिवशी तेच काम अंगठ्याच्या पेराने झाले. दांडी जागेवर बसल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. कॉकपिटवर संरक्षक पत्रा सरकवण्यापूर्वी मी आत डोकावलो, तर वैमानिकाच्या शिरस्त्राणावरील रंगाची कडा, खांद्यावरचे पट्टे आणि समोरची यंत्रपट्टी हे सारे भिंग न लावता दिसत होते. तेव्हापासून मन द्विधा झाले आहे.

मापे अशी आहेत. मालिकेतील अधिकृत आकड्यांनुसार व्हीएफ-१ ची विमानरूपातील लांबी १४.२३ मीटर आणि रोबोरूपातील उंची १२.६८ मीटर आहे. म्हणजे १/६० मध्ये विमान २३.७ सेंटिमीटर आणि रोबो २१.१ सेंटिमीटर होतो, तर १/४८ मध्ये हेच आकडे २९.६ आणि २६.४ होतात. माझ्या काचेच्या कपाटाची आतील खोली ३० सेंटिमीटर आहे. नाक काचेकडे करून ठेवले, तर १/४८ च्या विमानाला जेमतेम चार मिलिमीटर मोकळे राहतात, आणि पंख पूर्ण उघडले की विमानाची रुंदी लांबीपेक्षाही जास्त भरते.

माझा प्रश्न कपाटापुरता नाही, कारण कपाट बदलता येते. रूपांतरित होणाऱ्या लढाऊ विमानासाठी असे एखादे माप खरोखर असते का, की ज्यात विमान, अर्धरोबो (हातपाय फुटलेले विमान) आणि रोबो ही तिन्ही रूपे सारखीच पटतात? १/४८ कडे वळायचे, तर माझी पाच व्हीएफ-१ विकावी लागतील. त्यांत जीव गुंतलेला आहे, म्हणून घाई करायची नाही. ज्यांनी दोन्ही मापे दीर्घकाळ बाळगली आहेत, त्यांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

उत्तर — तिसरा कप्पा (ठाणे)

नमस्कार. मी आपल्याला १/६० वरच थांबण्याचा सल्ला देईन आणि त्याचे कारण आपल्याच यादीत आहे.

आपल्याकडे केवळ व्हीएफ-१ असते, तर हा प्रश्न निराळा ठरला असता. पण आपण एक घराणे जमवत आहात. व्हीएफ-२५ ची लांबी १८.७२ मीटर, वायएफ-१९ ची १८.६२ मीटर आणि व्हीएफ-० ची १८.६९ मीटर आहे. १/६० मध्ये ही तिन्ही ३१ सेंटिमीटरच्या आसपास येतात आणि मोठ्या कपाटात सुखाने राहतात. १/४८ मध्ये त्यांपैकी प्रत्येक ३९ सेंटिमीटरचे होईल. व्हीएफ-० च्या काळातील शत्रूचे एसव्ही-५१ तर २२.७७ मीटर लांबीचे आहे. ते १/६० मध्येच ३८ सेंटिमीटर भरते, मग १/४८ मध्ये ते घरात कोठे ठेवायचे, याचा विचार करून पाहा. यामुळेच सारे घराणे १/४८ मध्ये आणणे व्यवहारात बसत नाही. ज्याला सर्व पिढ्या शेजारीशेजारी हव्यात, त्याच्यासाठी १/६० हे एकमेव मधले माप उरते.

दुसरी गोष्ट इतिहासाची आहे. जपानी खेळण्यांत १/६० हे माप मॅक्रॉसच्या आधीपासून रुजलेले होते. टाकारा कंपनीची ‘डायक्लोन’ ही खेळण्यांची मालिका १९८० मध्ये सुरू झाली. तिचे वैमानिक सुमारे तीन सेंटिमीटर उंचीचे, म्हणजे साधारण १/६० मापाचे होते. तीन सेंटिमीटरचा माणूस हा बोटांच्या चिमटीत धरता येणारा माणूस असतो. तो आसनावर बसवता येतो, उतरवता येतो आणि पडला तर शोधताही येतो. १/१०० मध्ये तोच माणूस पावणेदोन सेंटिमीटरचा होतो आणि मग तो केवळ एक ठिपका उरतो. माणसाचा हात आणि यंत्राचा आकार यांचा मेळ ज्या मापात बसतो, ते माप खेळण्यासाठी योग्य, असे माझे मत आहे.

खर्चाचा मुद्दाही डोळ्यांआड करता येणार नाही. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेले. त्यात खोके हलके पण मोठे असले, की कुरिअरवाले वजनाऐवजी आकारमानावर आकारणी करतात. प्रत्येक बाजू सव्वापट झाली की खोके जवळजवळ दुप्पट होते, आणि त्यातील बहुतांश जागा फोमच्या साच्याने व्यापलेली असते. म्हणजे आपण हवा मागवतो आणि तिच्यावर भाडे भरतो.

आपल्या स्नेह्यांकडचे विमान सुंदर असणार, यात शंका नाही. पण एक विमान हातात घेऊन जे वाटते ते वेगळे, आणि नऊ विमाने समोर मांडून जे वाटते ते वेगळे.

उत्तर — जुनी पेटी (एडिसन, न्यू जर्सी)

वरील उत्तरातील आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. माझी बाजू थोडी सविस्तर मांडतो.

माझे बालपण येथेच गेले. १९८५ मध्ये वडिलांनी मला ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेतील जेटफायर आणून दिला. तो मुळात मॅक्रॉसचाच व्हीएफ-१ होता, हे मला फार पुढे कळले. मॅक्रॉस ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाले, तेव्हा टाकाटोकू कंपनीने त्याची १/५५ मापाची खेळणी काढली. १९८४ मध्ये ती कंपनी बंद पडली, साचे पुढे बंडाई कंपनीकडे गेले आणि त्याच साच्यातील पांढरे-तांबडे विमान हॅस्ब्रो कंपनीने अमेरिकेत जेटफायर म्हणून विकले. सुरुवातीच्या काही जेटफायरवर तर मॅक्रॉसचे पतंगाच्या आकाराचे चिन्हही तसेच राहून गेले होते. ते १/५५ चे विमान अंगाने जाडजूड आहे, चित्रातील सडपातळ व्हॅल्किरीशी त्याचे साम्य बेताचेच आहे. तरीही चाळीस वर्षांनंतर ते एका हाताने धरून रूपांतरित करता येते आणि त्याचा एकही सांधा मोडलेला नाही. रूपांतरित होणारे खेळणे हे हाताळण्यासाठी असते, हा धडा मला त्या पेटीने शिकवला.

आता १/४८ कडे येतो. या शतकाच्या सुरुवातीला यामातो कंपनीने १/६० चे पहिले व्हीएफ-१ आणले, तेव्हा रोबो करण्यासाठी पाय काढून पुन्हा जोडावे लागत. रूपांतरित होणाऱ्या खेळण्याचे सुटे भाग करावे लागले, तर त्याला रूपांतर म्हणता येईल का, यावर त्या काळी संग्राहकांत बराच वाद झाला. २००२ मध्ये त्याच कंपनीने १/४८ चे व्हीएफ-१ आणले आणि त्यात एकही भाग न काढता तिन्ही रूपे साधली. मी ते पहिल्यांदा रूपांतरित केले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी स्वयंपाकघरातील टेबलावर एकटाच बसलो होतो. झुलणारी दांडी नाकाशेजारी येऊन अडकली, तेव्हा व्हॅल्किरीचे रचनाकार कावामोरी यांनी कागदावर जे योजले होते ते प्रत्यक्ष घडताना मी पाहत आहे, असे वाटले. तो आनंद मला अजून आठवतो.

१/४८ चा खरा लाभ बारकाव्यांत आहे आणि बारकावे म्हणजे केवळ सजावट नव्हे. पत्र्यांच्या जोडरेषा घ्या. साच्यात ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक रेष टिकवणे अवघड असते, असे धरले, तर १/६० मध्ये ती रेष खऱ्या विमानावरील १२ मिलिमीटरच्या फटीएवढी होते आणि १/४८ मध्ये साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास येते. डोळा हे मोजत नाही, पण त्याला ते जाणवते. डोक्यावरील लेझर नळ्या घ्या. व्हीएफ-१ए ला एक, व्हीएफ-१जे ला दोन आणि व्हीएफ-१एस ला चार नळ्या असतात, आणि त्यांवरूनच विमान ओळखले जाते. लहान मापात त्या नळ्या प्रमाणात बारीक केल्या तर मोडतात आणि टिकतील एवढ्या जाड केल्या तर डोके बोजड दिसते. मोठ्या मापात ही कुचंबणा बरीच कमी होते. मनगटात दडणाऱ्या हाताचेही तसेच आहे. आतील पोकळी वाढली की हात योग्य आकाराचा करता येतो.

जाता जाता एक सांगतो. ज्यांना ट्रान्सफॉर्मर्समधील जेट मॅक्रॉसच्या विमानांशेजारी मांडायचे असतात, त्यांनी मापाचा आग्रह सोडलेला बरा. स्टारस्क्रीम हे एफ-१५, म्हणजे १९.४३ मीटरचे विमान. त्याच्याच मालिकेतील लँबोर्गिनी काऊंटॅक ही गाडी ४.१४ मीटरची. गाडी १/२४ मध्ये केली, तर ती १७ सेंटिमीटरची होते आणि त्याच मापात एफ-१५ तब्बल ८१ सेंटिमीटरचे होईल. पडद्यावर मात्र ते दोघे जवळपास खांद्याला खांदा लावून लढतात. त्या जगात माप हे कथेच्या सोयीने बदलते. मॅक्रॉसमध्ये तसे नाही. तिथे रोबो आणि विमान या दोहोंचे आकडे एकाच यंत्राचे आहेत, म्हणूनच आपण हा प्रश्न इतक्या गांभीर्याने विचारू शकतो.

माझे मत स्पष्ट आहे. व्हीएफ-१ हे मूळ विमान आहे, बाकी सारी त्याची संतती. मूळ विमान १/४८ मध्ये घ्यावे.

उत्तर — साचेकाम (पिंपरी-चिंचवड)

दोन्ही उत्तरे वाचली. माझा व्यवसाय प्लास्टिकच्या सुट्या भागांचे साचे बनवण्याचा आहे, खेळण्यांचा नाही. तरीही सांध्यांविषयी चार गोष्टी अधिकाराने सांगू शकतो, कारण या वादात आवडीनिवडीविषयी पुष्कळ बोलले जाते आणि सांध्यांविषयी फार कमी.

१/६० वरून १/४८ वर जाताना लांबी १.२५ पट होते, पृष्ठभाग १.५६ पट आणि घनफळ १.९५ पट. विमान भरीव असते, तर त्याचे वजनही १.९५ पट झाले असते. खांद्यापासून हाताच्या टोकापर्यंतचे अंतर १.२५ पट वाढलेले असल्याने खांद्यावर येणारा पीळ २.४४ पट झाला असता. घर्षणावर टिकणाऱ्या सांध्याची धरून ठेवण्याची ताकद मात्र, दाब तोच राहिला तर, १.९५ पटच वाढते. यावरून ‘मोठे खेळणे लुळे पडते’ असा समज रूढ झाला आहे आणि भरीव वस्तूसाठी तो बरोबरही आहे.

पण खेळणी भरीव नसतात. भिंतीची जाडी मापाप्रमाणे वाढत नाही. १/६० असो वा १/४८, ती साधारण दीड-दोन मिलिमीटरच ठेवली जाते, कारण जाड भिंत थंड होताना आत ओढली जाते आणि पृष्ठभागावर खळगा पडतो. भिंत तेवढीच ठेवली, तर वजन घनफळाच्या हिशेबाने न वाढता पृष्ठभागाच्या हिशेबाने, म्हणजे १.५६ पट वाढते. त्याला १.२५ ने गुणा, पीळ १.९५ पट येतो. सांध्याची ताकदही तेवढीच वाढलेली आहे. म्हणजे नीट पोकळ ठेवलेले १/४८ चे विमान १/६० च्या तुलनेत मुळीच लुळे पडायला नको. ते लुळे पडते ते भारदस्तपणासाठी धातूचे भाग भरल्यावर. खरेदी करताना हातात जड लागले की माणूस खूश होतो, पण ते वजन नेमके कोठे आहे, हे पाहावे. पायाच्या तळव्यात असेल तर उपकारक, खांद्याच्या पलीकडे असेल तर अपायकारक.

आता लहान मापाची अडचण. साच्याची अचूकता मापाप्रमाणे सुधारत नाही. खीळ आणि तिचे भोक यांत पाच शतांश मिलिमीटरचा खुळखुळ राहिला, तर तो दोन्ही मापांत तेवढाच राहतो. एबीएस प्लास्टिक थंड होताना सुमारे अर्धा टक्का आकसते, तर सांध्यांसाठी वापरले जाणारे पॉलिअसिटल दोन टक्क्यांच्या आसपास आकसते. दोन वेगवेगळ्या प्लास्टिकांचे भाग एकमेकांत बसवायचे असल्याने एवढाही खुळखुळ साधणे हे मोठे काम आहे. व्हीएफ-१ चा पाय म्हणजे झुलणारी दांडी, कंबर, गुडघा आणि घोटा अशी सांध्यांची साखळी आहे. प्रत्येक सांध्यातील खुळखुळ पुढच्यात मिसळत जातो आणि टोकाला एक मिलिमीटरचा डोल दिसतो. १/४८ मध्ये तो एक मिलिमीटर खपून जातो. १/१०० मध्ये मात्र तोच डोल रोबो दारू प्यायल्यासारखा उभा करतो.

एक अनुभव सांगतो. माझ्या संग्रहातील एका विमानाचा खांदा पाच-सहा वर्षांपूर्वी मोडला. ते कपाटात नुसते उभे होते, कोणी हात लावला नव्हता. मी तो भाग भिंगाखाली पाहिला. खिळीभोवतीच्या कडीची भिंत एके ठिकाणी पोस्टकार्डापेक्षा किंचितच जाड होती. तिथे पांढुरकी रेष उमटली होती आणि रेषेच्या टोकाला तडा गेला होता. खीळ कडीपेक्षा किंचित मोठी ठेवून ती दाबून बसवली होती, त्यामुळे कडी पहिल्या दिवसापासून ताणाखाली होती. मी पितळेची दीड मिलिमीटरची बाहेरची कडी कातून घेतली, ती तुटलेल्या भागावर बसवली आणि आजही तो खांदा शाबूत आहे. माप मोठे असते तर भिंत जाड ठेवता आली असती का? कदाचित आली असती. पण खीळ योग्य मापाची ठेवली असती, तर त्याच मापात ती भिंत पुरली असती.

याचा पुरावा श्री. जुनी पेटी यांच्याच माहितीत आहे. २००२ मध्ये १/४८ ला जमलेले संपूर्ण रूपांतर २००८ मध्ये त्याच कंपनीने १/६० च्या दुसऱ्या आवृत्तीत करून दाखवले. सहा वर्षांत माप लहान झाले आणि रूपांतर मात्र तेच राहिले. तेव्हा खेळणे घेताना मापाआधी रचनेची पिढी पाहावी. आपली पाच व्हीएफ-१ कोणत्या आवृत्तीची आहेत, हे कळले तर अधिक नेमके सांगता येईल.

पत्र्याचे विमान

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. साचेकाम यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, माझी पाचही विमाने दुसऱ्या आवृत्तीच्या रचनेची आहेत, पाय काढावे लागत नाहीत. भिंतीच्या जाडीचा हिशेब मी वहीत उतरवून घेतला आहे. माझी आणखी एक शंका आहे. मी विमाने बहुतांशी विमानरूपातच मांडतो, रोबोरूपात क्वचित. यामुळे मापाच्या निवडीत काही फरक पडतो का?

उत्तर — ओझरचे आकाश (नाशिक)

फरक पडतो, आणि माझ्या मते बराच पडतो.

मी मुळात खऱ्या विमानांच्या प्रतिकृती करणारा माणूस आहे. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ बांधली गेली. आमचे बालपण त्यांच्या आवाजात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये वायुदलाने मिग-२१ ला निरोप दिला, त्या आठवड्यात मी माझी १/७२ ची सर्व मिग एका ओळीत मांडली आणि सहज म्हणून त्यांच्या टोकाला हासेगावा कंपनीचे १/७२ चे व्हीएफ-१ ठेवले. ते रूपांतरित होत नाही, ते केवळ विमानरूपातील जोडणी-संचाचे मॉडेल आहे. ठेवल्यावर मी बराच वेळ पाहत राहिलो. व्हॅल्किरी एफ-१४ टॉमकॅट या अमेरिकी लढाऊ विमानावरून सुचली, हे सर्वांना माहीत आहे. हलणारे पंख, दोन इंजिने, दोन शेपट्या हे सारे टॉमकॅटचेच. त्यामुळे मनात तिचा आकारही टॉमकॅटएवढा ठसलेला असतो. प्रत्यक्षात टॉमकॅट १९.१ मीटरचे आहे आणि व्हीएफ-१ सव्वाचौदा मीटरचे. माझ्या ओळीत ते टॉमकॅटऐवजी मिग-२१ च्या शेजारी शोभत होते. हे एक लहान, चपळ विमान आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले, आणि ते कळण्यासाठी शेजारी खरी विमाने त्याच मापात असावी लागतात.

खऱ्या विमानांच्या प्रतिकृतींची प्रचलित मापे १/७२ आणि १/४८ आहेत. फूट-इंचांच्या हिशेबात पहिल्यात सहा फुटांचा एक इंच होतो आणि दुसऱ्यात एका फुटाचा पाव इंच. १/६० मध्ये खऱ्या विमानांचे संच सहजासहजी मिळत नाहीत. तेव्हा ज्याला व्हॅल्किरी विमान म्हणूनच मांडायची आहे, त्याला १/६० मध्ये जोडीदार मिळत नाहीत, १/४८ मध्ये मिळतात. फक्त एक लक्षात ठेवावे, १/४८ चे टॉमकॅट ४० सेंटिमीटरचे असते.

१/७२ मध्ये रूपांतरित होणारा बंडाईचा जोडणी-संच आहे आणि तो मी बांधला आहे. चित्राशी त्याचे साम्य उत्तम आहे, पण तो वारंवार रूपांतरित करण्याचा नाही. रंग घासला जातो आणि पातळ भाग वाकतात. मी तो एकदा विमान केला आणि तसाच ठेवला. ज्यांना रणांगणाचे दृश्यच उभे करायचे आहे, त्यांनी १/१०० मधील ‘हाय-मेटल आर’ ही खेळण्यांची मालिका पाहावी. त्यात रेगुल्ट आणि टोमाहॉकसारखी शत्रू-मित्रांची इतर यंत्रेही त्याच मापात मिळतात आणि एका फळीवर अख्खी चकमक मांडता येते. मॅक्रॉस हे मालिकेतील अंतराळजहाज मात्र यांपैकी कोणत्याच मापात जमणार नाही. सुमारे १२०० मीटरचे ते जहाज १/१०० मध्येही १२ मीटर भरते.

आपण निर्णय घेण्याआधी एक करा. जाड कागदावर दोन्ही मापांची विमानाची वरून दिसणारी आकृती काढा, कापा आणि कपाटात आपल्या विमानांशेजारी आठवडाभर ठेवा. मी प्रत्येक मोठ्या खरेदीपूर्वी असे करतो.

पत्र्याचे विमान

सुचवल्याप्रमाणे मी कागदी आकृत्या कापल्या आणि नऊ दिवस कपाटात ठेवल्या. जे दिसले ते लिहितो.

पहिल्या दोन दिवसांत १/४८ ची आकृती मला भुरळ घालत होती. कपाट उघडले की नजर तिच्यावरच जायची. तिसऱ्या दिवशी मी ती व्हीएफ-२५ च्या शेजारी सरकवली आणि तिथे अडखळलो. १/४८ चे व्हीएफ-१ २९.६ सेंटिमीटर, १/६० चे व्हीएफ-२५ ३१.२ सेंटिमीटर. दोघे जवळपास सारख्याच लांबीचे झाले. आजवर माझ्या कपाटात व्हीएफ-१ लहानगे दिसत होते, त्यानंतरच्या पिढ्यांची विमाने त्याच्यापेक्षा लांब आणि रुंद होती, आणि त्यातून काळ पुढे सरकल्याचे आपोआप कळत होते. आकृती ठेवताच ते नाते पुसले गेले. माझ्या स्नेह्यांकडे ते विमान एकटे होते, म्हणून मला हे तेव्हा जाणवले नाही.

त्यामुळे पाच व्हीएफ-१ विकण्याचा विचार मी सोडून दिला आहे. काचेच्या कपाटात १/६० शिवाय दुसरे माप येणार नाही. मात्र जुनी पेटी यांचे म्हणणेही माझ्या मनातून जात नाही. रूपांतर हाताने करण्याचा जो आनंद त्यांनी वर्णिला, तो कपाटातील रांगेसाठी नसून हातांसाठी आहे. माझ्या लिहिण्याच्या टेबलावर, दिव्याखाली, एका विमानापुरती जागा आहे आणि तिथून व्हीएफ-२५ दिसत नाहीत. कागदाची मोठी आकृती मी काल तिथे हलवली आहे.

साचेकाम यांना एकच विचारतो. १/४८ घेतलेच, तर खांद्याची कडी आणि खीळ यांची बैठक खोके उघडल्याबरोबर, काहीही न सोडवता तपासण्याचा एखादा मार्ग आहे का?

साचेकाम

आहे. हात खांद्यापासून अगदी सावकाश, पूर्ण फेरी होईपर्यंत फिरवा आणि डोळे मिटून बोटांनी जाणवते का पाहा. फेरीभर घर्षण सारखे लागले तर बैठक चांगली आहे. एखाद्या ठिकाणी घट्ट आणि लगेच पुढे सैल लागले, तर कडी गोल नाही असे समजावे. मग तिरप्या उजेडात कडीच्या कडेने पांढुरकी रेष शोधा. दिसली तर विमान तसेच खोक्यात ठेवून विक्रेत्याला कळवा. थंडीच्या दिवसांत ही तपासणी सकाळी करू नका. प्लास्टिक गारठलेले असते. खोके तासभर खोलीत ठेवा आणि मग उघडा.